सेन्सरच्या नळाचे पाणी मोजताना किती सेकंद धरावेत?

प्रश्न
पुण्यातील एका कार्यालयीन इमारतीच्या लीड (हरित इमारतींसाठीच्या) प्रमाणनाचे (आवृत्ती 4) काम माझ्याकडे असून, तीनशे कर्मचाऱ्यांच्या प्रसाधनगृहांत सेन्सरचे नळ बसवण्याचे ठरले आहे. माहितीपत्रकात 3 बार दाबाला मिनिटाला 4 लिटर असा प्रवाह दिला आहे. हात काढताच नळ बंद होत असल्यामुळे एका वापराला 7 सेकंद धरावेत, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. ते प्रमाणनासाठीच्या पाणीवापराच्या तक्त्यात चालेल का?

उत्तर 1
चालणार नाही. सार्वजनिक बेसिनच्या नळासाठी या आवृत्तीत 30 सेकंद ठरवून दिलेले आहेत आणि मूळ (तुलनेसाठी ठरवून दिलेला वापर) व प्रस्तावित (आपल्या नळांचा वापर) अशा दोन्ही बाजूंना तोच कालावधी लावायचा असतो. 2009 च्या आवृत्तीत साध्या नळाला 15 आणि स्वयंचलित नळाला 12 सेकंद होते. जुन्या प्रकल्पाचा तक्ता समोर ठेवून काम करणारे नेमके येथेच फसतात.

आपली खरी अडचण मात्र सेकंदांची नसून प्रवाहाची आहे. मूळ प्रवाह मिनिटाला 1.9 लिटर, म्हणजे एका वापराला 0.95 लिटर, दर कर्मचाऱ्यामागे दिवसाला तीन वापर धरल्यास तीनशे जणांचे 855 लिटर होतात. आपल्या नळाचे एका वापराला 2 लिटर, म्हणजे दिवसाला 1,800 लिटर! प्रमाणनाच्या पूर्वअटीतील 20 टक्के बचत सर्व उपकरणांची मिळून पाहिली जात असल्याने, फ्लशमध्ये वाचवलेले पाणी हा नळ खाऊन टाकेल. भारतीय हरित इमारत परिषदेच्या पद्धतीत मूळ प्रवाहच मिनिटाला 6 लिटर असल्यामुळे तेथे हाच नळ बचत करणारा ठरतो. विक्रेत्याचा आत्मविश्वास बहुधा तेथूनच आला असावा.

उत्तर 2
वरील उत्तरात दाबाची भर घालतो. लीडचा 1.9 लिटरचा आकडा 415 किलोपास्कल, म्हणजे सुमारे 4.15 बार दाबाचा आहे. दाब-नियंत्रक नसलेल्या एरेटरचा (नळाच्या तोंडाशी बसणाऱ्या जाळीचा) प्रवाह साधारणपणे दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे आपले 4 लिटर त्या दाबाला 4.7 च्या आसपास जातील. निर्मात्याकडून त्याच दाबाचा चाचणी अहवाल मागवावा.

सेन्सर म्हणजे बचत, हे गृहीत धरणेही धोक्याचे आहे. फ्लोरिडातील टॅम्पा येथील एका कार्यालयात सेन्सरची उपकरणे बसवल्यावर पाण्याचा वापर उलट वाढल्याचे 2010 च्या एका अभ्यासात आढळले होते. आमच्या एका जागेवर मी नळाखाली मोजपात्र धरून पाहिले: हात काढल्यानंतरही धार दोन सेकंद चालू होती, आणि बेसिन पुसणाऱ्याच्या फडक्यालाही नळ इमानेइतबारे पाणी देत होता.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. त्याच नळाला मिनिटाला 1.3 लिटरचा, दाब-नियंत्रक असलेला एरेटर बसू शकतो, असे निर्मात्याने कळवले आहे. 30 सेकंदांनी हिशेब केल्यावर दिवसाला 585 लिटर, म्हणजे मुळापेक्षा 270 लिटर कमी येतात. इतक्या बारीक धारेखाली साबण नीट निघतो का, एवढीच शंका उरते.

उत्तर 2
फवाऱ्याच्या स्वरूपाचा घेतल्यास निघतो. एक नमुना बसवून, साबण लावून स्वतः हात धुऊन पाहावा आणि मगच उरलेल्यांची मागणी नोंदवावी.