परत पाठवता येत नसेल, तर किती काळ डांबून ठेवायचं?

मंजिरी
फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसाम सरकारला झापलं. गोवालपाड्याजवळच्या मतिया स्थानबद्धता केंद्रातल्या, परकीय ठरलेल्या ६३ जणांना परत का पाठवलं नाही? तर म्हणे त्यांचा परदेशातला पत्ता ठाऊक नाही. न्या. अभय ओक (आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले) आणि न्या. उज्जल भुइयां यांच्या खंडपीठाने विचारलं, मुहूर्ताची वाट बघताय का? देश माहीत असेल तर राजधानीत पाठवा.

परकीयाला अडकवून ठेवण्याचं कारण एकच, त्याला परत पाठवणं. ते होणारच नसेल, तर कोठडी म्हणजे खटल्याशिवाय दिलेली जन्मठेप. राज्यघटनेचं कलम १९ (भाषण, संचार, वास्तव्याचं स्वातंत्र्य) नागरिकांपुरतं आहे, पण २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) या देशात उभ्या असलेल्या प्रत्येकाला लागू आहे. कायद्यातच मुदत हवी.

रानवाटा
साफ असहमत. बेकायदा आलेल्या माणसाला मायदेशाने नाकारलं की आपण सोडून द्यायचं? म्हणजे कागद फाडून टाकणाऱ्याला बक्षीसच! बांगलादेशाने 'हा आमचा नाही' म्हटलं तर त्याची जबाबदारी भारतावर का? आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. सुटलेला माणूस पुन्हा सापडेल, याची हमी तुम्ही देणार का?

मंजिरी
हमीची सोय न्यायालयानेच केली आहे, रानवाटा. मे २०१९ चा आदेश बघा: तीन वर्षं कोठडीत काढलेल्यांना सशर्त सुटका. दोन भारतीय जामीनदार, प्रत्येकी एक लाखाचे. राहण्याचा पत्ता, बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची नोंद आणि दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या काळात, तीनाची दोन वर्षं झाली आणि रक्कम पाच हजारांवर आली. ती उतरवावी लागली यातच सगळं आलं. ब्रह्मपुत्रेच्या चरावर (नदीतल्या वाळूच्या बेटावर) मजुरी करणाऱ्याला लाखाचे दोन जामीनदार कोण देणार होतं?

देवदत्त
मंजिरीताई, एक बाजू तुम्ही सोडलीत. २०२१ च्या रोहिंग्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितलं की कलम १४ (समानता) आणि २१ सर्वांना आहेत, पण हद्दपार न होण्याचा हक्क नागरिकांच्या वास्तव्याच्या हक्काशी जोडलेला आहे. जम्मूतल्या रोहिंग्यांच्या सुटकेचा आदेश दिला नाही. रीतसर प्रक्रियेशिवाय हद्दपार करू नका, एवढंच म्हटलं. तेव्हा 'मुदत संपली, सोडा' हा आपल्याकडे प्रस्थापित नियम नाही. व्हायला हवा की नको, तो संसदेचा प्रश्न.

मंजिरी
देवदत्त, हद्दपार करू नका असं मी म्हणतच नाहीये! करा, पण करत नसाल तर डांबू नका. अमेरिकेत २००१ पासून सहा महिन्यांनंतर सरकारला दाखवावं लागतं की पाठवणी नजीकच्या काळात खरोखर शक्य आहे. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००४ मध्ये बेमुदत कोठडी मान्य केली होती, तीच नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

रानवाटा
ऑस्ट्रेलियात सुटलेल्यांत गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेलेही होते. लोक खवळले, आणि सरकारला घाईघाईत पायपट्ट्या (माग ठेवणारी, पायात अडकवायची यंत्रं) आणि संचारबंदीचा कायदा आणावा लागला. तेही सांगा ना.

मंजिरी
सांगते. वर्षभरात त्याच न्यायालयाने त्या पायपट्ट्याही रद्द केल्या, कारण ती शिक्षा होती आणि शिक्षा देणं सरकारचं काम नाही. आसामात तर माणूस परकीय आहे की नाही इथपासून घोळ आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परकीय ठरवलेल्या एकाला नागरिक म्हणून मान्यता दिली आणि नावाच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकांवरून कुणाला परकीय ठरवू नका, असं बजावलं. निकाल लागला तेव्हा तो माणूस हयात नव्हता.