साखर आधी, वजन नंतर
जठराच्या बायपासबद्दल (वजन कमी करण्यासाठी जठर लहान करून ते आतड्याला पुढे जोडण्याची शस्त्रक्रिया) 'वजन उतरतं म्हणून रक्तातली साखर उतरते' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं आहे. या बायपासनंतर मधुमेह असलेल्या कित्येकांची साखर काही दिवसांतच खाली येते, वजनाचा काटा तेव्हा जेमतेम हललेला असतो. सुरुवातीला खाणं अगदीच कमी असतं, हे एक कारण. शिवाय अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून थेट पुढे पोचतं, जीएलपी-१ हे संप्रेरक जास्त स्रवतं आणि इन्सुलिनला जोर मिळतो. (वजन आणि मधुमेहावरची हल्लीची गाजणारी इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल!)

पण 'मधुमेह कायमचा गेला' म्हणू नका. काहींचा वर्षांनी परततो. जुना मधुमेह, त्यात इन्सुलिन चालू, तर आशा कमीच. आणि बी-१२, लोहाच्या गोळ्या जन्मभर.