अनुभव धागा: पोलिसांनी गाडी अडवली तेव्हा (निपाणी, बेळगाव, खानापूर, शिनोळी)

सीमेवरचा
आज कोगनोळीच्या सीमा नाक्यावर बॅरिकेड लागलेलं दिसलं आणि कर्नाटकातल्या मंड्याची ती बातमी परत डोळ्यासमोर आली. मे 2025. कुत्रा चावलेल्या लहान मुलीला आईबाप दुचाकीवरून दवाखान्यात नेत होते. हेल्मेट तपासायला गाडी अडवली, मुलगी रस्त्यावर पडली आणि मागच्या गाडीखाली गेली. त्यानंतर कर्नाटकच्या पोलीस महासंचालकांनी लेखी सूचना काढल्या: एकदम आडवं येऊन गाडी थांबवू नका, किल्ली काढून घेऊ नका, मागे बसलेल्याला धरून ओढू नका. त्याआधी जून 2022 मध्येही सांगितलं होतं की नियम मोडलेला डोळ्यांना दिसत नसेल तर नुसते कागद बघायला गाडी अडवायची नाही.

आपल्या भागात एका दिवसात कागल, निपाणी, बेळगाव, शिनोळी असं दोन राज्यांतून फिरणं होतं. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. कामाचं लिहा, नवीन पोरांना उपयोग होईल.

निपाणीकर_अण्णा
थांबायचं कसं तेच आधी लिहितो, कारण धोका तिथंच आहे. हात दिसला की लगेच ब्रेक मारू नका. आधी आरसा, मग डावा इंडिकेटर, मग कडेला. नाक्याजवळ बारीक खडी साठलेली असते, तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की दुचाकी घसरलीच. मागे बाई-लेकरू असेल तर गाडी पूर्ण थांबल्यावर त्यांना डावीकडून उतरवा, मगच खिशात हात घाला. कार असेल तर इंजिन बंद, हँडब्रेक, काच खाली, रात्री आतला दिवा चालू. दोन मिनिटांचं काम असतं, दिवा बंद ठेवला की उगीच लांबतं.

कॅम्पातली_वकील
अण्णा बरोबर. आता कायद्याचं.
लायसन्स मागायचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आहे (मोटार वाहन कायदा, कलम 130). आरटीओचा अधिकारीही मागू शकतो. साध्या कपड्यातल्याने मागितलं तर ओळखपत्र बघायला मागा, आवाज न चढवता. किल्ली काढून घेण्याचं कलम या कायद्यात नाही. लायसन्स ठेवून घ्यायचं कलम मात्र आहे, 206. पण मग त्याची तात्पुरती पोच लेखी द्यावी लागते आणि ती पोच दाखवून तुम्ही गाडी चालवू शकता. पोच घेतल्याशिवाय लायसन्स हातातून सोडायचं नाही. गाडीच अडकवून ठेवायची तर 207: नोंदणी नाही, परमिट नाही, चालवणाऱ्याकडे लायसन्सच नाही, अशी कारणं लागतात.
वाहतूक तपासणीत मोबाइल उघडून दाखवा म्हणायचा अधिकार या कायद्यात कुठंच नाही.

मुचंडीचा_पिंट्या
ताई कागद घरी राहिले असतील तर?

कॅम्पातली_वकील
केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 139 मध्ये कागद प्रत्यक्ष किंवा इलेक्ट्रॉनिक, दोन्ही चालतात असं स्पष्ट लिहिलंय. डिजिलॉकर आणि एमपरिवहन, ही दोन्ही सरकारी ॲप चालतात. व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा (गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा) फोटो किंवा स्क्रीनशॉट धरत नाहीत. तिथं भांडून उपयोग नाही.

आरटीओचं_काम_करतो
डिजिलॉकरवर आपल्या भागातली एक अडचण कोणी सांगत नाही. कर्नाटकातल्या जुन्या आरसीवर आणि लायसन्सवर नाव आद्याक्षरांनी लिहिलेलं असतं, आधारवर आपण स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं पूर्ण लिहितो. दोन्ही जुळत नाहीत म्हणून डिजिलॉकर कागद ओढतच नाही. लोकांना वाटतं ॲप बिघडलं. तसं झालं तर एमपरिवहनमध्ये गाडी नंबर टाकून चासी आणि इंजिन नंबरचे शेवटचे आकडे द्या, आरसी तिथं दिसते. कायमचा उपाय म्हणजे आधार किंवा आरसी, दोन्हींपैकी एकात नाव दुरुस्त करणे.
इन्शुरन्सची पॉलिसी नवीन काढली की ती सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत चढली का ते दोन दिवसांनी बघा. पोलिसाच्या मशीनमध्ये जुनीच तारीख दिसत असेल तर पॉलिसीची पीडीएफ आणि तिच्यावरचा क्यूआर दाखवा. इन्शुरन्सच नसेल तर कायद्यात पहिल्या वेळी 2000, परत सापडलात तर 4000. पीयूसी बीएस-4 आणि बीएस-6 गाडीला एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने.

कणकुंबीकडचा
चोर्ला घाटात रेंज जाते. जांबोटी सोडायच्या आधी ॲप उघडून कागद लोड करून ठेवा. खरं तर मूळ स्मार्टकार्डच पाकिटात ठेवा, या रस्त्याला मोबाइलवर भरवसा ठेवू नका.
आणि गोव्याहून येताना बाटल्या आणू नका हो. बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं. कर्नाटकात ती विनापरवाना धरली जाते, आणि प्रकरण अबकारी खात्याकडं जातं, तिथं वाहतुकीच्या दंडासारखं भरून सुटता येत नाही. गाडीसुद्धा जप्तीत जाते. दुसऱ्याची पिशवी ओळखीवर डिकीत घेऊ नका. गाडी ज्याच्या ताब्यात, त्यालाच पहिल्यांदा विचारतात.

वडगावची_वहिनी
लेकरांच्या हेल्मेटचं कोणीतरी लिहा की. आमच्या गल्लीत सगळ्या आया शाळेला दुचाकीवरून सोडूलालेत.

निपाणीकर_अण्णा
वहिनी, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट, मागे बसलेल्यालाही (कलम 129). कर्नाटकात मागे बसणाऱ्याची सक्ती जानेवारी 2016 पासून आहे, दंड 500. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला लहान मापाचं हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा, आणि वेग 40 च्या आत, हा नियम फेब्रुवारी 2023 पासून. घेताना आयएसआय आणि आयएस 4151 बघा. लेकराचं हेल्मेट वाढत्या अंगाचं घेऊ नका. बंद लावून डोकं हलवायला सांगा, हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरलं तर एक माप कमी घ्या.

वडगावची_वहिनी
धन्यवाद अण्णा. पट्टा बेळगावात कुठं मिळतो बघते.

चंदगडी
एमएच-09 ची (कोल्हापूरची) गाडी बेळगावात रोज आणतात त्यांचा प्रश्न. शिनोळीपासून येणारे कितीतरी आहेत. दर वेळी ऐकवतात की 30 दिवस झाले, कर्नाटकाचा टॅक्स भरा.

आरटीओचं_काम_करतो
ते 30 दिवसांचं कर्नाटकाच्या टॅक्स कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीचं आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2016 मध्ये ती तरतूद रद्द केली. आता केंद्राच्या कायद्याचं कलम 47 बघायचं: दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तरच नवीन नंबर घ्यावा लागतो. रोज घरी परत जाणाऱ्याची गाडी इथं "ठेवलेली" नाही. पुरावा म्हणून चंदगड तालुक्यातल्या पत्त्याचं आधार, तिकडची पेट्रोलची बिलं, गाडी दुरुस्तीची पावती ठेवा.
जे खरंच इकडं राहायला आलेत त्यांनी मात्र टाळू नये. क्रम असा: जुन्या आरटीओतून एनओसी (फॉर्म 28, चासीचा पेन्सिल ठसा लावून), कर्ज असेल तर बँकेचं पत्र, मग इकडं फॉर्म 27, इथला टॅक्स, आणि सगळ्यात शेवटी जुन्या राज्याकडं उरलेल्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज. परताव्याचा अर्ज बहुतेक लोक करतच नाहीत आणि हजारो रुपये तिकडंच राहतात. जुने चलन बाकी असेल तर एनओसी अडते, ते आधी भरा.

चंदगडी
हे कोणी इतकं नीट सांगितलं नव्हतं ओ. उपकार झाले.

ऊसकरी_चिकोडी
गाळप सुरू झालं की ट्रॅक्टरवाल्यांना नाक्यानाक्यावर अडवतात, आणि ते बरंच आहे. अंधारात उभ्या ट्रॉलीला मागून दुचाकी धडकून दर हंगामात आपलीच माणसं जातात.
रिफ्लेक्टरची टेप: पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल. टेप तीन दिवसांत गळून पडते कारण पत्र्यावर डिझेलचा आणि रसाचा चिकट थर असतो. आधी थिनरच्या फडक्यानं पुसा, पत्रा पूर्ण वाळू द्या, दुपारी पत्रा तापलेला असताना टेप दाबून लावा आणि कडा कापडाने घासून बसवा. मागच्या फळक्याला टेप लावून उपयोग नाही, वाढ्याचा पाला लोंबून ती झाकते. चासीच्या खालच्या पट्टीला लावा. ट्रॉली वाटेत बंद पडली तर दगड लावून जाऊ नका, किमान दोन ठिकाणी चमकणारं काहीतरी मागं 50 पावलांवर ठेवा आणि निघताना दगड उचला.
दंड मोठा आहे. जादा भाराला 20,000 आणि वर प्रत्येक जादा टनाला 2000. ऊस बाजूला किंवा मागं बाहेर आला तर वेगळे 20,000. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी लागते, हे पुष्कळांना माहीत नाही. आणि पोरांनो, ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा आवाज कमी करा. मागच्याचा हॉर्न तुम्हाला ऐकूच येत नाही.

खडकलाटचा_मामा
शंभर टक्के. आमच्याकडं गेल्या हंगामात तसंच झालं, नाव लिहवत नाही.

सीमेवरचा
मामा, वाईट वाटलं. ऊसकरींचा प्रतिसाद कारखान्याच्या गटांवर पाठवतो.

तंबाखूचा_व्यापार
मालगाडीवाल्यांसाठी थोडक्यात. 50,000 च्या वरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल. त्याची मुदत 200 किमीला एक दिवस अशी धरतात. निपाणीहून कोल्हापूर असलं तरी गाडी बदलली की बिलाच्या भाग ब मध्ये नवीन गाडी नंबर टाका, सगळ्यात जास्त गाड्या याच चुकीवर अडकतात. मुदत संपत आली तर संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच ती वाढवता येते.

संकेश्वर_बाजार
निवडणुकीच्या वेळचं पण लिहा. उसाचं बिल, जनावर विकलेले पैसे घेऊन जाणारा शेतकरी कोगनोळीला बसून राहतो.

कॅम्पातली_वकील
निवडणुकीत रोख रकमेचा 50,000 चा जो आकडा सांगतात तो मूळ उमेदवार, त्याचा एजंट किंवा पक्षाचा कार्यकर्ता यांच्या गाडीसाठी आहे. प्रत्यक्षात विचारतात सगळ्यांना, म्हणून कागद जवळ ठेवा: बँकेतून काढले असतील तर पासबुकाची त्या तारखेची नोंद, अडत्याची पट्टी, कारखान्याचं बिल, जनावरांच्या बाजाराची पावती. दागिने असतील तर खरेदीची पावती आणि लग्नपत्रिका. 10 लाखांवर असेल तर आयकर खात्याला कळवतात.
पैसे घेतलेच तर जप्तीच्या पावतीवर आकडा शब्दांत लिहून घ्या. अपील ऐकायला जिल्ह्यात तीन जणांची समिती असते: जिल्हा पंचायतीचे सीईओ, निवडणूक खर्चाचे नोडल अधिकारी, जिल्हा कोषागार अधिकारी. पावतीवरच अपील कुणाकडं करायचं ते लिहिलेलं असायला हवं. नसेल तर तिथंच विचारा.

मुचंडीचा_पिंट्या
दारू पिऊन सापडला तर ताई? मित्रासाठी विचारतो.

कॅम्पातली_वकील
100 मिली रक्तात 30 मिग्रॅ च्या वर असेल तर गुन्हा. पहिल्या वेळी 10,000 पर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे रस्त्यावर मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. रस्त्यावर पैसे घेऊन कोणी सोडत असेल तर ते दंड नव्हे. फुंकायची नळी तुमच्यासमोर नवीन काढायला सांगा आणि मशीनमधून निघालेली आकड्याची चिठ्ठी बघून सही करा. मित्राला सांग, त्या रात्री रिक्षा कर.

हिंडलगा_रोड
पोरगा सतरा वर्षांचा असेल आणि गाडी दिली तर बापाला 25,000, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. कलम 199अ. कॉलेजजवळ रोज दिसतात ही पोरं, आईबाप कौतुकानं किल्ली देतात. मला ह्या गोष्टीचा मनापासून राग आहे.

कॅम्पातली_वकील
सहीवरून एक महत्त्वाचं राहिलं, आणि आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. ठाण्यात कागद कन्नडमध्ये असतो. पुष्कळ जण लाजेनं न वाचता सही करतात. एक, तपासात घेतलेल्या जबाबावर तुमची सही घेताच येत नाही (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 181). दोन, फिर्याद आणि जप्तीच्या कागदावर सही लागते, ती करण्यापूर्वी वाचून दाखवायला सांगा. तीन, कन्नड वाचता येत नसेल तर सहीच्या वर मराठीत लिहा: "कन्नड वाचता येत नाही, मजकूर वाचून दाखवला." दाखवला नसेल तर तसं लिहा. एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते. अटक केली तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं आणि घरच्यांना कळवावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी अटक करता येत नाही, अपवाद सोडून, आणि अपवादाला मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. पंधराच्या आतलं पोर, बाई, साठीवरचा माणूस यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलवता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं.

खडकलाटचा_मामा
ताई हे छापून ग्रामपंचायतीत लावायला पाहिजे.

आरटीओचं_काम_करतो
चलन बघताना दोन्हीकडं बघा. ज्या राज्यात दंड झाला त्याच्या साइटवर दिसतो. बेळगावची गाडी कोल्हापुरात कॅमेऱ्यात आली तर महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलनवर. जुनी गाडी घेताना तर नक्की. कर्नाटकाने फेब्रुवारी 2023 मध्ये बाकी दंडावर 50 टक्के सूट दिली होती, अशी सूट परत आली की गर्दीच्या आधी भरा.
व्हॉट्सॲपवर चलन म्हणून एपीके (ॲप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका, बँक खातं रिकामं करतात. खऱ्या साइटचा पत्ता gov.in ने संपतो.. म्हणजे जीओव्ही डॉट इन.

कणकुंबीकडचा
हायवेवर 130 च्या वर गेलात तर 1 ऑगस्ट 2024 पासून कर्नाटकात दंडावर भागत नाही, सरळ गुन्हा नोंदतात. पुणे-बेंगळूर रस्त्यावर धारवाडकडे जाणाऱ्या पोरांना सांगा.

वडगावची_वहिनी
पट्टा मिळाला, खडेबाजारात एका दुकानात मागवून देतो म्हणाले. ज्यांना पाहिजे त्यांनी सांगा, एकदम दहा मागवूया.

मुचंडीचा_पिंट्या
वहिनी माझ्या भाचीला एक. अडीच वर्षांची आहे, माप कसं सांगायचं?

वडगावची_वहिनी
छातीचा घेर टेपनं मोज, स्वेटर घालून. थंडीत सकाळीच शाळेला जायचं असतं ना.