गाडीतच मुक्काम : कोकणातल्या आठवणी लिहा

अबोली
काल आमची ओम्नी भंगारात गेली. नेणारा यायच्या आधी मी आत बसून झाडून घेत होते. हे म्हणाले, अगं आता कशाला? पण मला ती तशी द्यायची नव्हती. मधल्या सीटच्या पट्टीतून चमचाभर वाळू निघाली. थोडी काळसर, थोडी पांढरी. पांढरी तारकर्लीची, यावर दोघांचं एकमत. काळी मी म्हणते श्रीवर्धनची, हे म्हणतात आरे-वारेची.

२०१२ चा जानेवारी. मागची सीट काढून सुताराकडून प्लायचा पाट ठोकून घेतला, वर कापसाची गादी, खाली स्टोव्ह, तांदूळ, २० लिटरचा पाण्याचा कॅन. खिडक्यांना माझ्या जुन्या साडीचे पडदे. ताम्हिणी उतरून श्रीवर्धन, मग किनारा धरून मालवणपर्यंत, येताना आंबोलीवरून वर. ११ दिवस.

खाड्या आल्या की गाडी फेरीबोटीत. बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. बोट नुकतीच सुटलेली असली की जेट्टीवर थांबायचं. दाभोळला असंच थांबलो होतो, तेव्हा यांनी सांगितलं की नोकरी सोडायची आहे. दोन वर्षं मनात ठेवलं होतं. इतके दिवस का नाही बोललात, विचारलं. म्हणाले, घरी कुकर लागलेला असतो, फोन वाजतो, राहून जातं.

आणि धामापूर! तळ्याजवळ गाडी लावून झोपलो. पहाटे उठले तर पाण्यावर धुकं, पलीकडचा डोंगर दिसेचना. भगवतीच्या देवळात घंटा वाजली. चहाचे पेले घेऊन पायऱ्यांवर बसलो. धुकं वर सरकायला लागलं तशी आधी पोफळींची खोडं दिसली, मग शेंडे, मग झाडी. माझा चहा हातातच गार झाला.

तुम्हीही लिहा. गाडी कुठलीही चालेल.

काळशेकरीण
अगो बाय, धामापुराक इलंस आणि आमच्याकडे येवक नाय? माझा माहेर काळश्याक, तळ्यापासून हाकेवर! त्या तळ्याक दागिने मागितले की परडीत मिळत, असा माझी आजी सांगी. कोणीतरी परत केले नाय, तेव्हापासून बंद. फुडच्या टायमाक थेट घराक ये, घावने घालतंय.

निवृत्त_अभियंता
धामापूरचं तळं १५३० मधलं. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांबरोबर बांधलं. दोन डोंगरांमधली जागा हेरून आडवा बांध घातला, डोंगरांचं पाणी आपोआप साठतं. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. जाल तेव्हा बांधावरून चालत जा, अबोलीताई.

सुरंगी
स्वयंपाक चालू आहे, पटकन लिहिते. माडाखाली गाडी लावू नका!! आम्ही सावली बघून लावली, रात्री अडीचला टपावर झावळ पडली. नवरा दचकून उठला तो डोकं वर आपटून खाली. नशीब नारळ नव्हता.

मी_मृण्मयी
बायकांनो, आंघोळ आणि बाकीचं कुठे करता? याच एका भीतीने माझं जाणं अडलंय, खरंच.

सुरंगी
@मृण्मयी देवळाची धर्मशाळा किंवा घरगुती खानावळ. जेवायला थांबलं की मी त्या काकूंनाच विचारते. न्हाणीघर दाखवतात, वर चुलीवरचं गरम पाणीसुद्धा देतात. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

घाटवाट
आंबा घाट, मी आणि बायको, भाड्याची व्हॅन, सामानाने गच्च. मी अख्खा घाट ब्रेकवर उतरवला. अर्ध्यात जळका वास आणि पेडल थेट खाली गेलं. हँडब्रेक ओढत डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली. बायको एक शब्द बोलली नाही, फक्त माझं मनगट धरून ठेवलं होतं. नंतर साखरप्याचा मेकॅनिक म्हणाला, ज्या गिअरला चढाल त्याच गिअरला उतरा. आणि तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, ड्रम तडकतो. मी बाटली घेऊन निघालोच होतो.

अबोली
@घाटवाट बाप रे. वाचूनच पोटात गोळा आला. जपून रहा दोघं.

धोपाव्याची_सून
ताई, तुमचं लिहिणं आवडलं, पण एक सांगायचंय. माझं सासर धोपावे, माहेर दाभोळ. वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला तेव्हा शेवटची बोट गेलेली. समोर दाभोळचे दिवे दिसत होते आणि आम्ही चिपळूणवरून वळसा घालून निघालो. पोचलो तेव्हा उजाडलं होतं. वडील भेटले नाहीत. बोटीची वाट बघणं पाहुण्यांना गोड लागतं, आम्हाला पूल हवा.

अबोली
@धोपाव्याची_सून तुमचं वाचून बराच वेळ फोन बाजूला ठेवला होता. हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. पूल व्हायलाच हवा.

हर्णैकर
पुळणीवर गाडी घालणाऱ्यांनो, आधी भरती बघा. दर मोसमात एक तरी गाडी आम्ही ट्रॅक्टरला दोर बांधून ओढतो. एकदा एक जोडपं गाडीतच झोपलं होतं, पाणी दारापर्यंत आलं तेव्हा ओरडले. आजोबांनी शिकवलेला हिशेब : तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणून साधारण सहाला पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. तिथून सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाचं पाणी जास्त वर चढतं, तेव्हा गाडी रस्त्यावरच ठेवा.

मी_मृण्मयी
@हर्णैकर हे तर भिंतीवरच्या कालनिर्णयावरून काढता येईल! नवऱ्याला वाचून दाखवलं. 'मग कधी निघायचं?' म्हणाला 🙂

दिघीचा_प्रवासी
माझं वय ७४. आमची व्हॅन नव्हती, स्कूटर होती. मागे बायको, पुढे पायाशी वळकटी. दिघीच्या जेट्टीवर ती कोकम सरबत घ्यायची, अर्धा पेला संपवून उरलेला मला द्यायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली. अजून सरबत घेतलं की मी अर्ध्यावर थांबतो.

सुरंगी
काका 🙏

काळशेकरीण
काका, तुमी पण येवा हो धामापुराक. एकटे रवा नको.

घाटवाट
विषय सोडून विचारतो, ओले काजूगर आता कुठे मिळतील? बायकोला उसळ हवीय.

काळशेकरीण
@घाटवाट मार्चात मालवणच्या बाजारात. सकाळी लवकर जा, नवाक संपतत.