ॲसिटोन, ब्युटॅनोन आणि ३-पेंटॅनोन: बंध सारखेच, मग इग्निशन डिलेत एवढा फरक का?

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थी, सांगली)

नमस्कार. मळीपासून इथेनॉल तयार करणारे कारखाने आपल्या भागात कोणालाच नवे नाहीत. जिवाणूंच्या किण्वनातून ब्युटॅनॉलबरोबर ॲसिटोनही मिळते, हे वाचनात आल्यावर मी यांत्रिकीच्या प्रकल्पासाठी कीटोन-इंधनांचे ज्वलन हा विषय घेतला. कँटेरा या रासायनिक अभिक्रियांच्या संगणक-प्रणालीत ॲसिटोन, ब्युटॅनोन आणि ३-पेंटॅनोन या तिन्ही कीटोनांचा इग्निशन डिले, म्हणजे मिश्रण तापल्यापासून पेटेपर्यंतचा वेळ, काढताना इंधन १ टक्का, ऑक्सिजन पूर्ण ज्वलनाला लागेल तेवढा आणि बाकी आर्गॉन असे मिश्रण धरले. १२०० केल्व्हिनच्या वर ३-पेंटॅनोन सर्वांत आधी पेटते, मग ब्युटॅनोन, आणि ॲसिटोन सर्वांत शेवटी. कार्बोनिलशेजारचा (म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बनच्या शेजारचा) कार्बन-कार्बन बंध मात्र तिन्हींत ३५० किलोज्यूल प्रति मोलच्या आसपासच आहे. पहिला बंध जवळपास सारख्याच ऊर्जेने तुटत असेल, तर हा क्रम कोठून येतो? शिवाय हेच मॉडेल ८०० केल्व्हिनला वापरले तर चालेल का?

उत्तर (रसायनशास्त्राचे अध्यापक, सातारा)

बंध किती ऊर्जेने तुटतो यापेक्षा तुटल्यावर हाती कोणते मूलक (सुटा इलेक्ट्रॉन असलेले, चटकन अभिक्रिया करणारे तुकडे) येतात, याचा हिशेब मांडा, म्हणजे क्रम आपोआप उलगडेल. ॲसिटोन तुटले की एक मिथाइल आणि एक ॲसिटाइल मूलक मिळतो. या तापमानाला ॲसिटाइल टिकत नाही, त्याचे लगेच मिथाइल आणि कार्बन मोनॉक्साइड होते. म्हणजे एका रेणूमागे दोन मिथाइल. ब्युटॅनोन कार्बोनिलच्या कोणत्याही बाजूने तुटले तरी शेवटी एक मिथाइल आणि एक इथाइल पदरात पडते. ३-पेंटॅनोनमधून मात्र दोन्ही इथाइलच मिळतात.

आता मिथाइल आणि इथाइल या दोघांच्या स्वभावाकडे पाहा. इथाइल मूलक फुटून इथिलीन आणि हायड्रोजनचा सुटा अणू देतो, आणि तो अणू ऑक्सिजनच्या रेणूवर आदळला की एकाचे दोन मूलक होतात. उच्च तापमानाच्या ज्वलनाला वेग येतो तो मुख्यतः याच अभिक्रियेमुळे. मिथाइलला असा सोपा मार्ग नाही. दोन मिथाइल एकत्र येऊन इथेन होते आणि दोन मूलक खर्ची पडतात. सुट्या हायड्रोजनची शक्यता अशा रीतीने ॲसिटोनमध्ये जवळजवळ शून्य, ब्युटॅनोनमध्ये एक आणि ३-पेंटॅनोनमध्ये दोन, आणि तुमच्या आलेखातला क्रमही तोच आहे.

हायड्रोजन काढून घेणाऱ्या अभिक्रियांतही हीच रीत दिसते. ॲसिटोनमधून हायड्रोजन निघाला की उरलेला मूलक किटीन आणि पुन्हा मिथाइलच देतो. ३-पेंटॅनोनमधून कार्बोनिलशेजारचा निघाला तर मिथाइलकिटीन आणि इथाइल. मिथाइलकिटीनच्या पुढच्या अभिक्रिया तुमच्या यंत्रणेत (मॉडेलमधल्या अभिक्रियांच्या यादीत) आहेत की नाहीत, हे फाइल उघडून स्वतः पाहा, कारण त्या नसल्या तर तो पदार्थ गणितात नुसता साचत राहतो. संवेदनशीलता विश्लेषणात, म्हणजे कोणत्या अभिक्रियेचा वेग बदलल्यास डिले किती बदलतो हे तपासताना, इंधनाच्या अभिक्रियांपेक्षा हायड्रोजन-ऑक्सिजनची अभिक्रिया वर आली तर बिचकू नका. पायाभूत लहान रेणूंची यंत्रणा जुनी असेल, तर वरच्या कीटोनच्या वेगांकांना हात लावण्यात काहीच अर्थ नसतो.

उत्तर (इंजिन चाचणी विभाग, कराड)

सरांचे विवेचन मान्य आहे, पण तुलनेत एक गोष्ट मिसळली गेली आहे. पूर्ण ज्वलनाला ॲसिटोनच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे ४, ब्युटॅनोनला ५.५ आणि ३-पेंटॅनोनला ७ रेणू लागतात. इंधन १ टक्का कायम ठेवल्यामुळे तुमच्या मिश्रणांत ऑक्सिजन अनुक्रमे ४, ५.५ आणि ७ टक्के झाला, आणि हायड्रोजन अणूची गाठ ज्याच्याशी पडायची तोच वाढत गेला. त्यामुळे दिसणाऱ्या फरकात रेणूच्या रचनेचा वाटा किती आणि जादा ऑक्सिजनचा किती, हे या एका आलेखावरून सांगता येणार नाही. ऑक्सिजन तिन्हींत सारखा ठेवून दुसरा संच चालवा आणि दोन्ही आलेख शेजारी द्या. परीक्षक हे हमखास विचारतात.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ऑक्सिजनचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. दुसरा संच आजच चालवतो. ८०० केल्व्हिनबद्दल कोणी सांगू शकेल का?

उत्तर (रसायनशास्त्राचे अध्यापक, सातारा)

तेथे खेळच बदलतो. इतक्या कमी तापमानाला मूलक फुटण्याऐवजी ऑक्सिजनला चिकटून पेरॉक्सी मूलक होतात, आणि उच्च तापमानासाठी रचलेल्या यंत्रणेत हा भाग बहुधा नसतो. कार्बोनिलशेजारचा मूलक अनुस्पंदनाने (सुटा इलेक्ट्रॉन एकाहून अधिक अणूंवर पसरल्याने) स्थिर असल्यामुळे ऑक्सिजनशी त्याचा बंध दुबळा राहतो आणि जोडी चटकन सुटते. म्हणून लहान कीटोन या पट्ट्यात सुस्त असतात. ब्युटॅनोनचा ऑक्टेन क्रमांक (इंधन आपोआप पेटण्याला किती विरोध करते त्याचे माप) १०० च्या वर जातो, त्याचे एक कारण हेच. साखळी लांबली की मात्र अल्केनसारखी वागणूक डोकावू लागते, तेव्हा ॲसिटोनवरून मोठ्या कीटोनांचा अंदाज बांधू नका.

प्रयोगाशी तुलना करणार असाल तर आणखी एक पथ्य पाळा. ८०० केल्व्हिनला डिले कित्येक मिलिसेकंदांचा होतो आणि तेवढ्या वेळात शॉक ट्यूबमधला (आघात-लाटेने वायू झटक्यात तापवणाऱ्या नळीतला) दाब पेटण्याआधीच हळूहळू चढू लागतो, तर शीघ्र संपीडन यंत्रात (पिस्टनने वायू झटक्यात दाबणाऱ्या यंत्रात) भिंतींतून उष्णता निघून जाते. अशा वेळी स्थिर आकारमानाचे साधे गणित पुरत नाही. संबंधित प्रयोगाचा दाब-वेळ आलेख मिळवून तोच मॉडेलला द्यावा लागतो.