मोझेलची रीझलिंग: चव दगडाची की उताराची?

प्रश्न
जर्मनीतल्या मोझेल नदीच्या खोऱ्यातल्या दोन रीझलिंग (याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन), दोन्ही स्लेट दगडाच्या उतारावरच्या. ‘काबिनेट’ ८ टक्के अल्कोहोलची, गोड तरी चिकट नाही. ‘ट्रॉकन’ १२ टक्क्यांची, कोरडी आणि धारदार. ही त्या दगडाची चव का? आणि जुन्या बाटलीला रॉकेलसारखा वास येतो, तो दोष समजायचा का?

उत्तर १
आधी गोडीचं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल होतं. रसात साडेदहा टक्क्यांपुरती साखर असताना किण्वन ८ वर थांबवलं, तर लिटरला ४२ ग्रॅमच्या आसपास उरते. थांबवतात ते टाकी गार करून, सल्फर देऊन, यीस्ट गाळून. गाळणी ढिली राहिली तर वाइन बाटलीत पुन्हा आंबते. एवढी साखर पेलते ती आम्लामुळे, ते लिटरला ८ ग्रॅमच्या घरात असतं.

उत्तर २
दगडाची चव हे मला पटत नाही. स्लेट म्हणजे पाटीचा दगड, तो विरघळून जिभेवर येत नाही. खरं काम उन्हाचं. मोझेल ५० अक्षांशावर. २२ सप्टेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४० अंशच वर असतो. दक्षिणेकडे ३० अंश कललेल्या उतारावर तेव्हा सपाट जमिनीच्या जवळपास दीडपट ऊन पडतं. ब्रेम गावचा काल्मोंट हा द्राक्षमळा तर ६५ अंशांपर्यंत चढतो! त्यावर स्लेटच्या काळसर चिपांचा खच: दिवसा तापतो, संध्याकाळी ऊब सोडतो, पावसाचं पाणी फटींतून खाली जाऊ देतो. रीझलिंग उशिरा पिकते, तिला ही ऊब लागते. गार रात्री आम्ल राखतात. तोच दगड सावलीच्या बाजूला असला तर मणी हिरवट राहतात. जोराच्या पावसात चिपा घसरतात, त्या पुन्हा वर वाहून न्याव्या लागतात.

उत्तर ३
रॉकेलचा वास टीडीएन या संयुगाचा. बाटलीत ते हळूहळू वाढतं, त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या वाइनमध्ये मधासोबत हलका वास आला तर दोष नाही. दोन वर्षांतच नाकात भरला, तर घडांना कडक ऊन लागलेलं असतं किंवा बाटली उबेत राहिलेली असते. म्हणून विरळणीत सकाळच्या उन्हाकडची पानं काढावीत, दुपारकडची ठेवावीत. तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे स्फटिक, निर्धोक.

प्रश्नकर्ता
प्यायच्या किती गार?

उत्तर १
काबिनेट ८ ते १० अंश, ट्रॉकन १० ते १२. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर वास मिटलेला राहतो आणि नुसतं आम्ल टोचतं.