अर्धांगवायू आणि मधुमेह: आईची साखर रात्री उतरते, ओळखू कशी?

प्रश्न (तासगाव): दीड महिन्यापूर्वी आईचं उजवं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. १४ वर्षांपासून मधुमेह, इन्सुलिन चालू. परवा पहाटे घामानं चिंब, हाक मारली तर नुसती बघत राहिली. मला वाटलं पुन्हा झटका आला. साखर तपासली तर ५२! तिला सांगता येत नाही, मग मला कळणार कसं?

मिरजेची नर्स: ताई, आधी साखर तपासलीत, फार बरं केलंत. उतरलेली साखर हुबेहूब झटक्यासारखी दिसते. साखर ७० च्या खाली असेल आणि आई शुद्धीवर असतील तर ताठ बसवून तीन चमचे साखर द्या. ठसका लागत असेल तर पातळ साखरपाणी नको, दाट मध थोडाथोडा चाटवा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. त्या रात्री जेवल्या किती?

तासगाव: भाकरी कुस्करून आमटीत दिली, दोनच घास खाल्ले. इन्सुलिन मात्र नेहमीएवढंच दिलं.

मिरजेची नर्स: तिथंच झालं. आजच डॉक्टरांना विचारा, जेवण कमी झालं तर डोस किती.

कराडहून: लुळ्या पायाला शेक देऊ नका. आमच्या दादांना फोड आला तरी कळलं नव्हतं, जखम भरायला तीन महिने लागले. रोज तळवे बघा.